चांगलं आलं तरी परत मोजा

कारखान्यात त्यांना सगळे गारठाबाई म्हणत. तोंडावर मॅडम, पाठीमागे गारठाबाई, आणि बाईंना दोन्ही ठाऊक होतं. त्यांची मापाची खोली बाराही महिने वीस डिग्रीला ठेवलेली असे. बाहेर यंत्रांच्या शॉपमध्ये माणसं घामाने निथळत असायची तेव्हा बाई राखाडी स्वेटरची वरची गुंडी लावून बसलेल्या असायच्या. कुणी दार अर्धवट उघडून उभं राहिलं की त्या मान वर न करता म्हणत, "आत या, नाहीतर बाहेर जा. दारात उभं राहून बोललेलं मला ऐकू येत नाही आणि मशीनला सोसत नाही."

मशीन म्हणजे सीएमएम, मापं घेणारं यंत्र. काळ्या ग्रॅनाइटचा जाडजूड ओटा, त्यावर हवेच्या पातळ थरावर तरंगत सरकणारी कमान, आणि कमानीतून खाली उतरलेली सळई, म्हणजे प्रोब. सळईच्या टोकाला मिरीच्या दाण्याहून लहान असा लाल माणकाचा मणी. हा मणी धातूला जिथे टेकतो ती जागा मशीन अचूक टिपून घेतं. अशा टेकवण्या जोडत गेलं की कळतं, भोक गोल आहे का, पृष्ठभाग सपाट आहे का, केसाच्या जाडीच्या कितव्या हिश्शाने काय चुकलंय. नवख्या माणसाला ते जादूसारखं वाटतं आणि लगेच भीतीही वाटते, कारण मशीनची किंमत कुणीतरी आधीच कानात सांगून ठेवलेली असते.

ही भीती घालवायची बाईंची एक रीत होती. पहिल्या दिवशी त्या नव्या माणसाच्या हातात जॉयस्टिक देत आणि साबणाच्या मोठ्या वडीकडे बोट दाखवून म्हणत, "आपट."

"काय मॅडम?"

"प्रोब आपट तिच्यावर. जोरात."

माणूस घाबरत घाबरत आपटायचा. मण्याची काडी लोहचुंबकाने धरलेली असते, ती टुणकन उडून बाजूला पडायची. मशीन कुरकुरून थांबायचं. बाई काडी उचलून परत बसवायच्या. "झालं? जग बुडालं? आज माझ्यासमोर आपटलंस, आता उद्या माझ्यामागे लपवणार नाहीस."

बाईंचा दुसरा नियम याहून अवघड होता. मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला एक खोड लागते. माप वाईट आलं की तो म्हणतो, कचरा असेल, नीट बसलं नसेल, परत मोजू. चांगलं आलं की मात्र म्हणतो, चला, पुढचा जॉब. बाई म्हणत, "याला मोजणं म्हणत नाहीत, याला मनासारखं येईपर्यंत विचारणं म्हणतात. शंकाच घ्यायची तर दोघांवर घ्या. वाईट आलं तर परत मोजता ना? मग चांगलं आलं तरी परत मोजा." त्यांच्या हाताखालून गेलेली माणसं आसपासच्या कितीतरी कारखान्यांत होती, आणि बाकी काही विसरली तरी एवढं वाक्य कुणी विसरलं नव्हतं.

घरी मात्र याच बाई मीठ अंदाजाने टाकत, आणि तो अंदाज हमखास चुके. नवरा मुकाट्याने जेवून उठे. दीर मात्र ताटावरूनच ओरडे, "वहिनी, आज टॉलरन्सच्या बाहेर गेलंय!"

हे दीर, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, वरच्या मजल्यावर राहत. बायको, दोन मुली आणि ते. चूल एकच, खालची. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा भाऊजी नुकते त्याच कारखान्यात ग्राइंडिंगला लागले होते, आणि डिप्लोमा करून घरी बसलेल्या वहिनीसाठी साहेबांकडे शब्द टाकला तोही त्यांनीच. "आमची वहिनी फार हुशार आहे, फक्त स्वयंपाक तेवढा सांगू नका," असं त्यांनी म्हणे साहेबांना सांगितलं होतं.

भाऊजींच्या स्वभावात वाईट काहीच नव्हतं. वाईट होता तो त्यांचा हात. म्हणजे पकड. उभी हयात ग्राइंडिंगवर गेलेली. तिथे घासायला धरलेला तुकडा, म्हणजे जॉब, ढिला राहिला तर तो सुटतो, आणि सुटलेला जॉब कुणाच्या छातीत बसेल ते सांगता येत नाही. त्यांच्या शेजारच्या मशीनवर एकदा असा जॉब सुटला होता आणि एका माणसाचा जबडा गेला होता. तेव्हापासून भाऊजी जे काही बंद करतील ते कायमचं बंद होई. साखरेची बरणी, पिठाचा डबा, गच्चीवरचा नळ. मुली शाळेच्या पाण्याच्या बाटल्या बाबांच्या हाती लागू नयेत म्हणून लपवून ठेवत. धाकटी जाऊ म्हणे, "ताई, या माणसाने मला मागणी घातली तेव्हाच हात इतका घट्ट धरला होता, मला वाटलं पळून जाईन अशी भीती आहे की काय."

"होतीच," भाऊजी म्हणत.

तर कारखान्याने ग्राइंडिंगचं खातं बंद करायचं ठरवलं. ते काम आता बाहेरून करून घेणार होते. खात्यातल्या माणसांना दोन वाटा दिल्या गेल्या: कंपनीच्या दुसऱ्या, लांबच्या कारखान्यात बदली, नाहीतर इथेच सीएमएमचं प्रशिक्षण. प्रशिक्षणात पास झाला तर इथे, नाही झाला तर बदली. बहुतेकांनी बदली घेतली. भाऊजींनी प्रशिक्षणाला नाव दिलं.

बदली म्हणजे नुसता गाव बदलणं नव्हतं. थोरलीचं शाळेचं शेवटचं वर्ष. जाऊबाईंचं शिवणकाम खालच्या पडवीत चांगलं चालू लागलेलं. आणि दोन मजल्यांचं एक घर, एक चूल, ते सगळंच दोन गावांत वाटलं जाणार. हे कुणी बोलून दाखवलं नाही. फक्त जाऊबाईंनी एका सकाळी चहा गाळता गाळता विचारलं, "ताई, अवघड असतं का हो ते?"

बाई दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. "सर, या वेळी शिकाऊ माणसांत माझे दीर आहेत. परीक्षा दुसऱ्या कुणी घ्यावी."

साहेब हसले. "मॅडम, दुसरं आहे कोण? आणि तुम्ही कुणावर मेहेरबानी कराल यावर इथला शिपाईसुद्धा विश्वास ठेवणार नाही."

बाईंना हे कौतुक वाटायला हवं होतं. त्यांना ते ओझं वाटलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

प्रशिक्षणाला तिघं होते. भाऊजी; पॅकिंग खात्यातून आलेली एक शांत बाई, तिला सगळे पॅकिंगताई म्हणत; आणि स्टोअरमधला एक तरुण. त्याचं नाव झटपट पडलं होतं, कारण कुठलंही काम सांगितलं की त्याचं उत्तर एकच, "झालं समजा." झटपटचा हात फुलासारखा हलका. जॉयस्टिक तो अशी फिरवायचा की कमान ओट्यावर आपोआप सरकतेय असं वाटावं. भाऊजींनी जॉयस्टिक धरली की तिच्या रबराला बोटांचे ठसे उठत.

"भाऊजी, ती पळून जाणार नाहीये."

"वहिनी, सवय आहे हो."

"काका, तुम्ही मशीनला घाम फोडणार," झटपट म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या वयाचं माझं ग्राइंडिंग व्हील होतं."

शिकायचा मुख्य जॉब होता पंपात बसणारी एक पातळ रिंग. जाड लोखंडाला कसंही धरा, ते दाद देत नाही. पातळ रिंग तीन जबड्यांच्या फिक्स्चरमध्ये, म्हणजे जॉब धरायच्या चिमट्यात, आवळली की तीन ठिकाणी दबते आणि मधे फुगते. डोळ्याला काही दिसत नाही, मशीनला दिसतं. सोडली की परत गोल. म्हणजे चांगल्या रिंगला धरणाऱ्या हाताने वाईट ठरवलं. म्हणून बाई जबड्याखाली पातळ कागदाची पट्टी ठेवायला शिकवत. पट्टी ओढली की किंचित अडखळत निघून आली पाहिजे. फाटली तर घट्ट. सहज निघाली तर ढिलं.

भाऊजींच्या पट्ट्या फाटत. बाईंनी घरीही शिकवणी लावली. रात्रीच्या जेवणाआधी ओट्यावर रिकाम्या बरण्या मांडल्या जात. भाऊजी झाकण लावत आणि धाकटी मुलगी, हिची बोटं नाजूक, ते दोन बोटांनी उघडून बघे. "नापास, बाबा. नापास. हे थोडंसं पास."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," बाईंचा नवरा पेपरातून म्हणाला.

"दादा, तू सुंभ कुणाला म्हणतोस?"

एवढं सगळं होऊनही परीक्षेच्या दिवशी व्हायचं तेच झालं. प्रत्येकाला एक रिंग द्यायची, ती चांगली की वाईट ते मोजून सांगायचं, एवढीच परीक्षा. बाईंनी रिंगा आधीच मोजून ठेवल्या होत्या. भाऊजींना आलेली रिंग चांगली होती. भाऊजींनी मान खाली घालून प्रोब सावकाश उतरवला, सगळे टप्पे न चुकता केले, टेकवण्याही भरपूर घेतल्या. आणि रिंग रिजेक्ट केली. बाईंनी फिक्स्चर आवळायच्या गुंडीला हात लावला. ती फिरवायला त्यांना दुसरा हात घ्यावा लागला.

"कागदाची पट्टी?"

"लावली होती वहिनी. लावली, आणि मग वाटलं, जरा अजून..."

पॅकिंगताई पास झाली. झटपटही पास झाला; त्याची रिंग चांगली होती आणि त्याने चांगली सांगितली, तीही सगळ्यांच्या निम्म्या वेळात.

त्या रात्री खालच्या स्वयंपाकघरात कुणी फारसं जेवलं नाही. जाऊबाई पोळपाट धूत राहिल्या, धुवून झाला होता तरी. वरच्या खोल्या भाड्याने द्यायच्या तर त्या रविवारी कुणीतरी बघायला येतो म्हणाला होता, ही बातमी त्यांनी पाठ फिरवूनच सांगितली. मग एकदम वळल्या. "ताई, एकदाच चुकलं ना? एकदा तर कुणाचंही चुकतं."

बाईंच्या मनात दुपारपासून हेच चाललं होतं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, उद्या सकाळी लवकर या. मी तुमची एकदा परत घेते."

भाऊजी पाणी पीत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं. "फक्त माझी?"

"तुमचीच ना. बाकीचे पास झालेत."

"मग नको." त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, वहिनीकडेच पाहिलं. "इतके दिवस तुम्ही कानीकपाळी ओरडताय, वाईट आलं म्हणून परत मोजता तर चांगलं आलं तेही परत मोजा. माझं वाईट आलं म्हणून माझं परत, आणि त्या पोराचं चांगलं आलं म्हणून पुढचा जॉब? मी हाताने जड असेन वहिनी, कानाने जड नाही."

"अहो, तुम्हाला संधी देतायत तर घ्या ना!" जाऊबाई कळवळल्या.

"घेतो. सगळ्यांची असेल तर घेतो."

इतक्या माणसांना त्यांनी हे वाक्य पाठ करून दिलं होतं, पण स्वतःच्या डोळ्यांदेखत ते कुणी असं वापरलं नव्हतं, आणि तेही स्वतःचं नुकसान होईल अशा जागी. नवऱ्याने पेपर खाली केला, भावाकडे जरा वेळ बघितलं आणि परत वर केला.

सकाळी मापाच्या खोलीत बाईंनी जाहीर केलं, तिघांची परीक्षा परत, दुसऱ्या रिंगांवर. झटपट उसळला. "मॅडम, हे काय? मी पास आहे! काका नापास झाले म्हणून मी का?"

"बरोबर बोलतोस," बाई म्हणाल्या. "काकांसाठीच माझ्या मनात आलं. आणि आलं म्हणून तुझीही घ्यावी लागतेय. चिडायचं तर माझ्यावर चीड."

"घ्या की मॅडम," पॅकिंगताई म्हणाली. "मला काल झोप लागली नाही. माझं खरंच आलं होतं की लागून गेलं, तेच कळेना." आणि बाह्या खाली ओढून ती मशीनपाशी जाऊन बसलीसुद्धा.

पॅकिंगताईचं परत बरोबर आलं. भाऊजींची पाळी आली. त्यांनी पट्टी लावली, गुंडी फिरवली, आणि मग दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत धरून ठेवले. पट्टी अडखळत निघाली. त्यांची रिंग वाईट होती, त्यांनी वाईट सांगितली. धरण्यामुळे वाईट दिसत नाही ना, म्हणून सोडून, फिरवून, परत धरून मोजली, तरी वाईट. बाईंनी चेहरा दगडासारखा ठेवला, पण स्वेटरच्या खिशातली मूठ सैल झाली.

मग झटपट. रागात होता, म्हणून नेहमीपेक्षाही झटपट. रिंग हलक्या हाताने धरली, अगदी हवी तशी. चार बाजूंनी चार टेकवण्या घेतल्या आणि म्हणाला, "एकदम गोल. झालं समजा."

बाईंनी ती रिंग त्याच्यासमोर परत मोजली, पुष्कळ टेकवण्या घेऊन. पडद्यावर उमटलेला आकार तीन कोनी फुगलेला होता. इथे एक गंमत आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तीन कोनी फुगलेल्या रिंगला तुम्ही सारख्या अंतरावर चारच ठिकाणी विचारलंत, तर ती अगदी गोल असल्याचं सांगते. चारही उत्तरं एका वर्तुळावर बसतात, फक्त वर्तुळाचा मध्य किंचित सरकतो, आणि सरकलेल्या मध्याकडे कोण बघतो? म्हणजे भाऊजींनी आवळून चांगली रिंग वाईट केली होती, आणि झटपटने कमी विचारून वाईट रिंग चांगली केली होती.

"काल किती टेकवण्या घेतल्या होत्यास?"

झटपटने ओठ चावला. "चारच."

"म्हणजे काल रिंग चांगली होती म्हणून तू पास."

झटपटने रिंग उचलून उजेडात धरली. मग झटपटच म्हणाला, "मग आता काय मॅडम? काल मी पास, आज काका पास. शेवटचं धरायचं असेल तर काका. पहिलं धरायचं असेल तर मी. दोघांचीही एकेक परीक्षा चांगली, एकेक वाईट." तो टोमणा मारत होता. पण बाईंनी तो टोमणा म्हणून ऐकला नाही. हिशोब अगदी खरा होता.

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. "सर, पॅकिंगताईला मी सही देते. बाकी दोघांना देत नाही."

"का? तुमचे दीर आज पास झाले असं मी ऐकलं."

"त्याच मापाने तो पोरगाही काल पास झाला. एकच जॉब दोनदा मोजला आणि दोन उत्तरं आली, तर आपण जॉबला दोष देत नाही सर, आधी मोजायच्या साधनावर शंका घेतो. माझी परीक्षाच कच्ची आहे. एका रिंगेवर माणूस कळत नाही. इतकी वर्षं मी हीच परीक्षा घेत आले आणि कधी परत घेतली नाही, कारण कुणी मागितलीच नाही."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे आजवरच्या तुमच्या सगळ्या सह्या..."

"त्या माणसांनी पुढे काम करून दाखवलंय म्हणून झाकून गेलं. मला पंधरवडा द्या. ट्रेभर रिंगा ठेवू, चांगल्या-वाईट मिसळून. आणि परीक्षेला बाहेरचं माणूस आणू, मी नाही."

"बदलीची तारीख सोमवारची आहे, मॅडम. मला तिथल्या साहेबांना कळवावं लागेल." त्यांनी फोन उचलला, परत ठेवला. "तुम्ही दिरासाठी मुदत मागताय की परीक्षेसाठी?"

बाई खरं बोलायला चाचरत नसत. "दोन्ही. पण दिरासाठी मागायची असती, तर आज सही करून मोकळी झाले असते."

साहेबांनी हसू आवरलं आणि फोन लावला. पंधरवडा मिळाला.

घरी मात्र वादळ झालं. भाऊजी एरवी थट्टेवारी नेणारे, पण या वेळी दुखावले. "पास झालो तरी नापास! वहिनी, जगात कुठे असतं असं?"

"तुम्हीच म्हणालात सगळ्यांची घ्या."

"म्हणालो, पण पास झाल्यावरसुद्धा?"

"तेव्हाच तर."

ते जिना चढून वर गेले आणि दोन दिवस जेवायलाच काय ते खाली आले. जाऊबाईंनी खोल्या बघायला येणाऱ्याला परीक्षेनंतरच्या रविवारी यायला सांगितलं, आणि भांडी अशी आपटली की शेजारीण विचारायला आली, काही बसवायचं काम चाललंय का. बाई ऐकून घेत राहिल्या. त्यांनाही रात्री कूस बदलताना वाटे, एक सही होती, केली असती तर कुणाचं काय गेलं असतं? मग पंपात बसलेली ती रिंग डोळ्यांसमोर येई आणि पंपाशेजारी उभा असलेला, कधी न पाहिलेला माणूस.

कारखान्यात बाईंनी दोघांना एकत्र बसवलं. धरायचं झटपटने, मोजायचं भाऊजींनी. मग उलट. पहिल्या दिवशी दोघं सासू-सुनेसारखे बसले, एकमेकांकडे न बघता. दुसऱ्या दिवशी झटपट म्हणाला, "काका, गुंडी मुठीने धरूच नका. तर्जनी आणि अंगठा. स्टोअरमध्ये काचेचे दिवे उचलायचो ना, तसं." आणि भाऊजींनी त्याच्या हातातली जॉयस्टिक थांबवली. "आणि तू, बाळा, जरा अजून एकदा टेकव. घाई कसली? गाडी सुटतेय?" बाईंनी खिडकीजवळचं काम मुद्दाम लांबवलं आणि दोघांना भांडू दिलं. भांडता भांडता भाऊजींच्या पट्ट्या फाटायच्या थांबल्या. झटपट आता एका रिंगेला इतक्या टेकवण्या घेऊ लागला की भाऊजी वैतागून म्हणत, "अरे, रिंग आहे, हिचं लग्न जमवायचं नाहीये!"

परीक्षा घ्यायला दुसऱ्या एका कारखान्यातून बाईंचीच एक जुनी शिष्या आली. जाड चष्मा, तुटक बोलणं. तिला दोघांतला दीर कोण ते सांगितलं नव्हतं. ट्रे तिच्या ताब्यात देऊन बाई बाहेर गेल्या. जरा वेळाने दाराची फट पडली आणि बाईंचा डोळा दिसला. परत जरा वेळाने. तिसऱ्यांदा दार हललं तेव्हा चष्मेवाली उठून दारापाशी आली.

"मॅडम, खोलीचं तापमान वर चाललंय. आत या, नाहीतर बाहेर जा."

बाई लाजून कॅन्टीनमध्ये जाऊन बसल्या. समोर चहा निवत होता. फोन वाजला. जाऊबाई होत्या.

"काही कळलं का?"

"नाही गं. मला हाकलून दिलंय."

"तुम्हाला? कोणी?" पलीकडे हसू फुटलं आणि लगेच विरलं. फोन कुणीच ठेवला नाही. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज नव्हता, म्हणजे ती नुसतीच बसून होती. बऱ्याच वेळाने जाऊबाई म्हणाल्या, "ताई, बदली झाली तरी मी तुमच्यावर राग धरणार नाही. इतके दिवस धरला होता. आज सकाळी हे जाताना म्हणाले, पास करून घेतलं असतं तर रोज त्या खोलीत जाताना वहिनीच्या तोंडाकडे बघता आलं नसतं."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. त्या म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

तेवढ्यात कॅन्टीनच्या दारात भाऊजी आले. चेहऱ्यावर काहीच नाही. सरळ येऊन समोर बसले, बाईंचा निवलेला चहा उचलून एका घोटात प्यायले.

"भाऊजी?"

"एक रिंग तिला परत मोजायला लावली मी," ते म्हणाले. "ती म्हणाली चांगली आहे. मी म्हटलं नाही. परत मोजली."

"आणि?"

"चांगलीच होती." भाऊजींनी कप खाली ठेवला. "माझंच एक चुकलं. एवढ्या ट्रेमध्ये एक चालतं म्हणाली. त्या पोराचंही एक. दोघंही पास. सही तिने केली, तुमची नाही."

बाईंनी फोन त्यांच्यासमोर धरला. भाऊजींनी तो कानाला लावला, घसा साफ केला, आणि जसं काही दुधाचा हिशोब सांगावा तशा आवाजात म्हणाले, "ऐक. रविवारी वरच्या खोल्या बघायला कोण येणार होता ना, त्याला नाही म्हणून कळव."

भाऊजी तसेच फोन धरून बसले, मान दुसरीकडे वळवून. मागून झटपट धापा टाकत आला. "आणि माझं कुणी विचारतंय का?"

"तुझं काय विचारायचं," बाई नाक पुसत म्हणाल्या, "तुझं सगळ्या कॅन्टीनला ऐकू येतंय. बस इथे. चहा सांग. तीन सांग, हा माझा पिऊन टाकलाय यांनी."